दोनशे बारा नंबरचं झाकण

पुस्तक निघालं असतं तर हरिदास सहारेच्या पदरात काय काय पडणार होतं, ते आधी मांडून ठेवलेलं बरं. पंचवीस प्रती फुकट. सव्वीस जानेवारीला कुरखेड्याच्या बाजारचौकात एक शाल आणि एक नारळ. ब्रह्मपुरीच्या साळ्यासमोर मान ताठ ठेवून जेवायला बसण्याचा हक्क. आणि मुखपृष्ठावर नाव. कमरुद्दीनभाईंच्या फोटोखाली, बारीक अक्षरात, पण नाव. तेवीस वर्षं तहसील कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर बसून दुसऱ्यांची नावं रजिस्टरात चढवणाऱ्या माणसाला हे थोडं नव्हतं.

हा हिशेब तो मनातल्या मनात करत नव्हता. बोटांवर मोजत, मोठ्यानं करत होता. समोर काचेच्या टेबलामागे कमरुद्दीनभाई डाव्या डोळ्याला भिंग लावून एका गजराच्या घड्याळाच्या पोटात चिमटा घालून बसले होते.

“अन् मले काय भेटन?” त्यांनी मान वर न करता विचारलं.

“तुमचा फोटो.”

“फोटो तं मतदान कार्डावर बी हाय. त्यात मीच चोर दिसतो.”

“म्हून तं वडशाच्या स्टुडिओत नवा काढला ना भाऊ. त्यात तुमी लय हुशार दिसून राह्यले.”

“मंग तो माहा फोटोच नाई,” भाई म्हणाले आणि गजराचं घड्याळ कर्रकन वाजलं, जणू त्यालाही हे पटलं.

बस स्टँडच्या अंगाला, पानठेला आणि नीलाबाईंचं शिलाईचं दुकान यांच्या समोर, कमरुद्दीनभाईंची टपरी. वर पाटी: ‘घड्याळ दुरुस्ती’. पण गेल्या दहा वर्षांत लोक तिथं घड्याळापेक्षा हरवलेल्या वस्तू आणि वाढलेले संशय घेऊन जास्त यायचे. शाळेची पितळी घंटा कुणी नेली, कुणाची बकरी कुणाच्या कळपात शिरली, पंचाच्या सायकलचं सीट कुणी बदललं. भाई कुणाला दरडावत नसत. ते फक्त बघायचे. माणूस चावी कोणत्या हातानं देतो, पट्ट्याचं कितवं भोक वापरतो, काचेवर ओरखडा कोणत्या बाजूनं आहे, यावरून त्यांना माणूस कळायचा. घड्याळ खोटं बोलत नाही, असं ते म्हणायचे. हरिदासनं ते पहिल्याच लेखात छापून टाकलं होतं.

कारण भाईंनी शोधायचं आणि हरिदासनं लिहायचं, अशी वाटणी होती. जिल्ह्यातल्या एका चार पानी साप्ताहिकात, दर दोन-तीन महिन्यांनी, शुक्रवारी, ‘कमरुद्दीनभाईंचे तपास’. एकेचाळीस झाले होते. या लेखांत ‘मी’ नावाचा एक इसम असे. तो भाईंच्या बाजूला स्टुलावर बसून चहा पीत असे आणि प्रत्येक तपासात निदान तीन बावळट प्रश्न विचारत असे. भाई हसून उत्तर देत आणि वाचकाला सगळं समजे. युक्ती चांगली होती. मात्र हरिदासची बायको बायनाबाई हिला ती कधीच आवडली नाही.

“लोकायले वाटते माहा नवरा बुद्दूच हाय,” ती म्हणायची.

“अवं, लिहाची पद्धत असते ती.”

“मंग त्यायले बुद्दू करा ना एखादखेपी. तुमीच काऊन?”

यावर हरिदास चहा मागायचा. खरं कारण वेगळंच होतं. भाई त्याला मनापासून मोठे वाटायचे, आणि एखाद्याला मोठं दाखवायचं तर बाजूला कुणी तरी लहान उभं राहावं लागतं. ते काम त्यानं हौसेनं अंगावर घेतलं होतं.

पुस्तकातली पहिली गोष्ट होती ‘झाकणाच्या आतली खूण’. तीच सगळ्यांत गाजलेली. दिवाळी अंकात ती दुसऱ्यांदा छापून आली, वडशाच्या एका शाळेत गॅदरिंगला तिचं नाटुकलंही झालं.

गोष्ट अशी होती. चौऱ्याण्णवच्या डिसेंबरात राइस मिलवाल्या सेठच्या मुलाचं, छोट्या सेठचं, लग्नात मिळालेलं घड्याळ हरवलं. पांढऱ्या तबकडीचं, चावीचं. त्या काळात या भागातल्या अर्ध्या जावयांना सासऱ्यांनी तेच घड्याळ दिलं होतं, कारण वडशाच्या दुकानात तेच होतं. मिलवरचा हमाल लटारू, त्याच्या मनगटावरही तसंच. त्याच्या सासऱ्यानं तेंदूपानाच्या हंगामात घाम गाळून घेऊन दिलेलं. सगळ्यांनी दोन वर्षं ते त्याच्या हातात पाहिलेलं, म्हणून त्याच्यावर कुणाचाच संशय गेला नाही. गेला तो एकट्या भाईंचा. चोरलेलं घड्याळ लपवायला याहून चांगली जागा कोणती, ते म्हणाले, ज्याच्या हातात लोकांना तसंच घड्याळ बघायची सवय आहे, तो हात!

लटारूला टपरीवर आणलं. भाई दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक घड्याळाच्या झाकणाला आतून सुईनं बारीक ‘क’ आणि एक नंबर कोरत, आणि तो नंबर नावासकट वहीत लिहीत. त्यांनी पातळ सुरीनं लटारूच्या घड्याळाचं झाकण उचललं. आत नंबर दोनशे अकरा. वहीत दोनशे अकरासमोर छोट्या सेठचं नाव. लटारूचं नाव त्याच्या खाली, दोनशे बारासमोर.

“माहं हाय भाऊ ते,” लटारू म्हणत राहिला. “माह्या सासऱ्याचं हाय.”

इथं गोष्टीतला ‘मी’ नेहमीप्रमाणे आपला बावळट प्रश्न विचारतो: “पण भाऊ, हे सेठचं तर मग लटारूचं स्वतःचं घड्याळ कुठं आहे?” आणि भाई हसून म्हणतात, “विकून खाल्लं असेल, अजून काय!” गॅदरिंगच्या नाटुकल्यात या वाक्यावर टाळ्या पडल्या होत्या.

घड्याळ छोट्या सेठला मिळालं. लटारूची मिल सुटली. हरिदासनं सभ्यपणा म्हणून लेखात पूर्ण नाव घातलं नव्हतं. ‘ल. नावाचा एक हमाल’ एवढंच. आता कुरखेड्यात लकारानं सुरू होणारे हमाल किती, हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं.

तर, गजराचं घड्याळ वाजून थांबलं होतं आणि हरिदास टेबलावर पुस्तकाची प्रुफं पसरत होता, तेवढ्यात समोरून नीलाबाई रस्ता ओलांडून आल्या. गळ्यात टेप, केसांत दोऱ्याचे तुकडे, आणि मुठीत काहीतरी.

“कमरुद्दीनभाऊ, पाहा बरं हे. मिलच्या छोट्या सेठनं आपला लग्नातला कोट धाडला, पोराच्या मापाचा करून द्या म्हून. अस्तर उसवलं तं टपकन हे पडलं. आतला खिसा फाटून होता ना, त्यातून खाली सरकलं असन. नेऊन द्याचंच हाय, पण आधी तुमाले दाखवलं. उद्या म्हणतीन बाईनं आतलं काई काढून घेतलं.”

पांढऱ्या तबकडीचं, चावीचं घड्याळ. काटे दहा वाजून वीस मिनिटांवर अडकलेले.

भाईंनी झाकण उचललं. आत बघितलं. मग त्यांनी एक गोष्ट केली जी एकेचाळीस तपासांत कधी केली नव्हती. भिंग डोळ्यावरून काढलं, लुंगीच्या टोकानं पुसलं आणि दुसऱ्या डोळ्याला लावलं.

“हरिदासभाऊ, तुमी वाचा. मले आजकल बराबर दिसत नाई.”

हरिदासनं झाकण उजेडात धरलं. “क. दोनशे बारा.”

नीलाबाई म्हणाल्या, “म्हंजे हे लटारूचं? मंग सेठच्या कोटात कसं आलं हे?”

“घड्याळ सेठचंच हाय बाई,” भाई हळूच म्हणाले. “कोटातच व्हतं, नऊ साल. झाकण तेवढं लटारूचं हाय. माह्या टेबलावर दोन्ही एकाच वक्ती खुले व्हते असतीन. सारखे. मी याचं त्याले लावलं, अन् त्याचं याले.”

त्यांनी जुनी वही काढून उघडली. हरिदासनंही वाकून ती दोन नावं आणि तारीख पाहिली.

“म्हंजे त्या दिवशी त्याच्या हातात व्हतं ते...” हरिदास म्हणाला.

“त्याचंच व्हतं.”

नीलाबाई घड्याळ टेबलावरच ठेवून निघून गेल्या. सेठकडे तुम्हीच द्या, एवढं म्हणाल्या. हरिदासनं त्या दुकानात शिरेपर्यंत वाट पाहिली. मग, ज्याचं त्याला नंतर फार वाईट वाटलं, असं एक वाक्य तो बोलला.

“भाऊ, तिले सारं समजलं नसन. अन् पुस्तक तं आता छापालेच जाऊन राह्यलं.”

“ती शिलाईवाली हाय हरिदासभाऊ,” भाई म्हणाले. “अस्तर उसवून पाहाची सवय हाय तिले.” मग म्हणाले, “तुमचा तो बुद्दू, तो बराबर बोलला व्हता. लटारूचं घड्याळ कुठी हाय. म्याच हसलो.”

संध्याकाळी घरी आल्यावर हरिदासनं कात्रणांची फाइल काढली. का काढली ते त्याला सांगता आलं नसतं. आवक-जावकच्या माणसाला तारखेशिवाय चैन पडत नाही, एवढंच. वहीत दोनशे अकरा आणि दोनशे बारा, दोन्हींसमोर एकच तारीख होती, सतरा जून चौऱ्याण्णव. फाइलीतलं पहिलंच कात्रण, शाळेच्या घंटेचा तपास, त्याच्या डोक्यावर छापलेली तारीख बघून तो खाटेवर बसला तो बसूनच राहिला. शुक्रवार, सतरा जून.

मग सगळं आठवलं. तो दुपारी कचेरीतून पळत आला होता. आयुष्यात पहिल्यांदा नाव छापून आलं होतं. भाईंच्या टेबलावर दोन घड्याळं उघडी होती. भाई म्हणाले, थांबा जरा, हे बंद करून घेतो. हा म्हणाला, तुम्ही करा बंद, मी वाचतो. आणि वाचलं. प्रत्येक वाक्याला हात हलवत, आवाज बदलत. भाई इतके हसले की भिंग चहाच्या कपात पडलं. हसत हसतच त्यांनी दोन्ही झाकणं दाबून बसवली.

“काय झालं?” बायनाबाईनं विचारलं. “अंगात ताप हाय का?”

त्यानं सांगितलं. तिनं तांदूळ निवडता निवडता सगळं ऐकून घेतलं.

“म्या तवाच म्हटलं व्हतं,” ती म्हणाली, “लटारूचं घड्याळ कुठी, तो सवाल शहाण्या माणसाचा हाय. पण तुमाले स्वतःचंच पटलं नाई.”

सकाळी तो टपरीवर गेला तेव्हा भाईंनी शटर अर्धंच उघडलं होतं. हरिदासनं स्टूल ओढलं नाही. उभ्या उभ्याच सांगितलं. सतरा तारीख, शुक्रवार, पहिला अंक. “मी वाचून राह्यलो व्हतो भाऊ. तुमी थांबा म्हटलं व्हतं. चूक माही हाय.”

“मालूम हाय,” भाई म्हणाले.

“मालूम हाय म्हंजे?”

“काल वही खोलली तवाच याद आलं. चहात भिंग पडलं तो दिवस मी कसा भूलन?”

“मंग बोलले काऊन नाई?”

“एकाचं नाव खराब होऊन भागते, तं दोघाचं काऊन करा?” भाईंनी शटर पूर्ण खाली ओढलं आणि कुलूप घातलं. “अन् झाकण हातानं बसवलं, कानानं नाई. चला. लूना काढा.”

आधी मिलवर गेले. छोटा सेठ आता छोटा राहिला नव्हता. त्यानं घड्याळाकडे बघितलं, भाईंचं बोलणं ऐकलं आणि खुर्चीत चुळबुळ केली. “जाऊ द्या ना भाऊ, कोण ते जुनं आता घालते. लटारूचं ते दुसरं बी कुठी गेलं काय माहीत. हे त्याले देऊन टाका अन् मिटवून टाका.” मग, हे दोघं उठल्यावर, “माह्या नावाचं काई छापू नका बरं.”

लटारू गावाबाहेरच्या टोल्यावर, पाच-दहा घरांच्या वस्तीत राहायचा. मिलवरून काढल्यावर जिथं काही चोरण्यासारखं असेल तिथं त्याला कुणी कामाला घेतलं नव्हतं. बांबूच्या टोपल्या करायचा. बाजारात बसला की येणारा-जाणारा विचारायचा, “लटारू, किती वाजले?” आणि आजूबाजूचे हसायचे. विचारणाऱ्यांतल्या अर्ध्यांना आता हसण्याचं कारणही आठवत नव्हतं. सवय लागली होती.

अंगणात तो बांबू चिरत बसला होता. बायको मंगली चुलीपाशी. लूना बघून तीच आधी बोलली.

“काय हारपलं आता? आमच्या घरी एकच कोंबडी हाय, तिले पाहून घ्या.”

भाई खाटेवर बसले नाहीत. जमिनीवर, चिरलेल्या बांबूच्या चोयट्यांत, उकिडवे बसले. सगळं सांगितलं. कोट, अस्तर, दोन झाकणं. मध्ये कुठंही स्वतःसाठी पळवाट ठेवली नाही. हरिदास आपली शुक्रवारची गोष्ट सांगायला लागला तेव्हा भाईंनी त्याचा गुडघा दाबला, पण तो थांबला नाही.

लटारूचा कोयता मात्र थांबला होता.

“माहा सासरा मेला,” तो म्हणाला. “मरेपर्यंत त्याले वाटत व्हतं, म्या त्याचं घड्याळ विकून खाल्लं.”

मंगलीनं तोंड फिरवलं आणि चुलीत फुंकर घातली. धूर नव्हता, तरी डोळे पुसले.

भाईंनी दोन्ही हातांनी घड्याळ पुढं केलं. लटारूनं ते घेतलं. उलटंपालटं केलं. कानाला लावलं, सवयीनं. मग कमरेची छोटी सुरी काढून, घड्याळसाजानं काढावं तसं अलगद, झाकण उचललं, आणि बाकीचं घड्याळ भाईंना परत दिलं.

“हे माहं नाई. झाकण तेवढं माहं हाय.”

“अरे लटारूभाऊ, सेठनंच देल्लं,” हरिदास म्हणाला.

“देल्लं असन. उद्या कोनी म्हणन, सेठचं घड्याळ लटारूकडं हाय. तवा तं नव्हतं, आता खरंच असन.” त्यानं झाकण अंगठ्यानं पुसलं. त्याला वाचता येत नव्हतं, पण कोरलेलं बोटाला लागत होतं. “तुमी मांगं छापलं व्हतं ना बाबूजी, पेपरात? तसंच आता छापा. तेवढ्याच मोठ्या अक्षरात.”

“छापतो.”

“अन् मांगं एकच अक्षर लिहिलं व्हतं म्हणे, माह्या नावाचं. या टायमाले पुरं लिहा. लटारू सुकलू कोवे.”

“अन् मंगलीचा नवरा,” चुलीपासून आवाज आला.

पुस्तक काढणाऱ्या साप्ताहिकाच्या संपादकानं फोनवर हरिदासची समजूत घालायचा प्रयत्न केला. तपास चुकलेल्या माणसाचं पुस्तक कोण घेईल, सहारेजी? एक गोष्ट काढा, चाळीस राहू द्या. हरिदासनं विचार केला. खरं सांगायचं तर पूर्ण एक दिवस विचार केला. बायनाबाईनं त्या दिवशी त्याला दोनदा चहा करून दिला आणि एकदाही काही विचारलं नाही. मग त्यानं कळवलं की एकतर बेचाळीसच्या बेचाळीस छापा, शेवटची, ही चुकीची कबुली, सगळ्यांत आधी, नाही तर राहू द्या. संपादकानं राहू दिलं. बेचाळिसावा तेवढा साप्ताहिकात छापला, तिसऱ्या पानावर, पण अक्षरं हरिदासनं मोजून घेतली होती, तेवढीच मोठी. त्यात ‘मी’ एकही बावळट प्रश्न विचारत नाही. भाई एकही शहाणं उत्तर देत नाहीत. छोट्या सेठचं नाव नाही, ‘मिलवाल्यांचा एक मुलगा’ एवढंच. सभ्यपणा या वेळीही पाळला होता.

बाजाराच्या दिवशी लटारूनं टोपल्यांच्या मागं जागा झाडून ठेवली. “वाचा बाबूजी. इथी. उभं राहून.”

हरिदासला शाल-नारळासाठी ज्या चौकात उभं राहायचं होतं, त्याच चौकात तो उभा राहिला आणि वाचू लागला. आधी नीलाबाई आल्या, मग पानठेलेवाला, मग भाजीवाल्या बाया, मग जो तो. भाई पिशवी छातीशी धरून पाठीमागं उभे होते. हरिदासनं आवाज बदलला नाही, हात हलवले नाहीत. लटारू गुडघ्यांवर हात ठेवून, फोटोला बसावं तसा बसला होता. नाव आलं तसा त्यानं हात वर केला.

“थांबा. तेवढं पुन्हा वाचा.”

हरिदासनं पुन्हा वाचलं. लटारू सुकलू कोवे.

वाचून झालं. पहिला लटारूच बोलला. “भाऊ,” त्यानं मागं वळून कमरुद्दीनभाईंना विचारलं, “किती वाजले?”

कुणी हसलं नाही. भाईंनी मनगट डोळ्यांच्या अगदी जवळ नेलं, खूप वेळ बघितलं आणि म्हणाले, “सव्वाअकरा.”

“असं का,” लटारू म्हणाला, आणि एका गिऱ्हाइकाला टोपली दाखवायला वळला.

आता कुणी किती भरलं ते एकदा मांडून टाकू. पुस्तक निघालं नाही. पंचवीस प्रती, शाल, नारळ आणि ब्रह्मपुरीच्या साळ्यासमोरची मान, हे हरिदासचं गेलं. कमरुद्दीनभाईंकडे त्यानंतर कुणी हरवलेलं काही घेऊन आलं नाही; घड्याळं येतात, ती ते एका वेळी एकच उघडतात, आणि झाकण बसेपर्यंत शेजारी स्टुलावर बसलेला माणूस तोंडातून शब्द काढत नाही. झाकण नसलेलं ते घड्याळ काचेखाली पडून आहे, न्यायला कुणी आलेलं नाही. मिलवाल्यांचं काहीच गेलं नाही. कोट पोराला अगदी अंगासरसा बसला.

बाकी नऊ वर्षं लटारूनं भरली. पावती म्हणून त्याच्याकडे रुपयाएवढं पोलादी झाकण आहे. बाजाराला येताना तो ते सदऱ्याच्या वरच्या खिशात ठेवतो, आणि खिशाला मंगलीनं आतून दुहेरी शिवण घातली आहे.